मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या बॅचचे बरेच जण अमेरिकेत आहेत आणि त्यांतल्या अनेकांचे आईवडील इथे साताऱ्यात. विमानांचे मार्ग आखण्याचे काम मी बरीच वर्षे केले, म्हणून आज एकाच अंतराबद्दल बोलतो.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पट्टीने रेघ मारली तर ती अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते. पण ती वाट भरते जवळजवळ १४,२०० किलोमीटर! भूगोलाच्या तासाचा पृथ्वीगोल आठवा. त्यावर दोरा ताणला की तो उत्तरेला चढतो आणि रशिया, फिनलंड, आइसलँडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून न्यूयॉर्कला उतरतो. तीच सर्वांत जवळची वाट.

प्रत्यक्षात वारा आणि बंद हवाई हद्दी पाहून ही वाट वाकवावी लागते. २०१९ मध्ये पाकिस्तानची हद्द बंद होती, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा पडला. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. म्हणून जाताना थेट विमानाला साधारण पंधरा-सोळा तास लागतात. येताना तोच वारा पाठीशी असतो आणि तास-दीड तास वाचतो.

१९६० साली एअर इंडियाचे बोइंग ७०७ लंडनला थांबून न्यूयॉर्कला जाऊ लागले. २००७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून थेट सेवा सुरू झाली. त्यामुळे अमेरिका आता जवळ आली, असे आपण म्हणतो.

पण हिशेब विमानतळापासून न करता दारापासून करा. आई पडली, असा फोन न्यूजर्सीला गेला. तिकीट मिळवायचे, तीन तास आधी विमानतळावर पोचायचे, चौदा तासांचा प्रवास, मुंबईत सामान घ्यायचे आणि पुढे साताऱ्यापर्यंत पाच-सहा तास. सगळे जुळून आले तरी दार गाठायला पुरता एक दिवस जातो. यातले फार तास कुठलाच वैमानिक कमी करू शकत नाही.

तो पहिला दिवस सांभाळायचा कोणी? गोडोलीहून सदर बझारला स्कूटरने दहा मिनिटे लागतात. ते अंतर आपल्या हातातले आहे.

म्हणून बाहेरच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. परदेशातल्यांनी आईवडिलांचा पत्ता, डॉक्टरांचे नाव आणि शेजाऱ्यांचा फोन त्यात लिहावा. साताऱ्यातल्यांनी प्रत्येक घरासमोर आपल्यापैकी दोघांची नावे घालावीत. आणि परदेशातल्यांनो, पासपोर्ट, व्हिसा, ओसीआय कार्ड आजच तपासून ठेवा. मुदत संपल्याचे विमानतळावर कळून उपयोग नाही.

जेवायला बसण्याआधी वहीत नाव घाला, एवढीच विनंती.