फक्कीची रेघ

कवीला रेडिओवर बोलावलं की तो कवितेवरच बोलणार, असं लोक धरून चालतात. आज मी बास्केटबॉलच्या दोन नियमांवर बोलणार आहे. एक चेंडूच्या टप्प्याचा आणि दुसरा मैदानाच्या रेषेचा. शिरड शहापूरच्या माणसाला हा विषय का सुचावा, ते पुढं येईलच.

आमचं गाव औंढा आणि वसमतच्या मधलं. मल्लिनाथाचं जैन मंदिर, काळी जमीन, हळद. मैदान म्हटलं की हुतूतूचं. बास्केटबॉल मला भेटला तो बाहेरगावी शिकायला गेल्यावर. तिथं दोन लोखंडी खांब होते, वर लाकडी फळ्या, जाळी नसलेल्या कड्या आणि खाली चोपलेली माती. आमचे खेळाचे सर मूळचे हुतूतूचे खेळाडू. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरांनो, हुतूतूत दम असतो, इथं टप्पा असतो. तिथं दम तुटला की मेलात. इथं टप्पा संपला की पाय बांधले गेले."

इतकी सोपी फोड मला नंतर नियमांच्या पुस्तकातही सापडली नाही. एका हातानं चेंडू आपटत राहा आणि हवी तेवढी पावलं पळा. दोन्ही हात एकदम लागले किंवा चेंडू हातात विसावला, की टप्पा संपला. मग एक तर कडीत टाका, नाही तर गड्याकडं द्या. पुन्हा टप्पे सुरू केले तर डबल ड्रिबल. चेंडू धरून जास्तीची पावलं टाकली तर ट्रॅव्हलिंग. दोन्हींत चेंडू समोरच्यांना.

गंमत अशी, की हा खेळ जन्मला तेव्हा त्यात टप्पा नव्हताच. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथं जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानं तेरा नियम लिहिले. चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथं झेलला तिथूनच फेकायचा, हा त्यांतला मुख्य. पळणाऱ्याला लोक धरून पाडतात, हे त्यानं फुटबॉलच्या धुमश्चक्रीत पाहिलं होतं. पण चारी बाजूंनी कोंडी झालेल्या खेळाडूंनी वाट काढली. चेंडू खाली सोडायचा आणि आपणच पुन्हा घ्यायचा! ज्याच्यासाठी आज लोक हा खेळ पाहतात, तो ड्रिबल असा फटीतून उगवला. 1927 साली तर अमेरिकेतल्या नियम समितीनं फक्त एकाच टप्प्याची मुभा ठेवायचं ठरवलं होतं. प्रशिक्षकांनी ओरड केली, तेव्हा तो बेत मागं घेतला गेला.

रेषेचंही तसंच. सुरुवातीला चेंडू बाहेर गेला की जो आधी गाठेल त्याचा. त्यामुळं पोरं प्रेक्षकांत घुसायची, जिने चढायची, मारामाऱ्या व्हायच्या. शेवटी 1913 मध्ये ठरलं की ज्याचा हात शेवटी लागला त्याच्या विरुद्ध बाजूला चेंडू द्यायचा.

आजचं मैदान 28 मीटर लांब, 15 मीटर रुंद. रेघ पाच सेंटिमीटरची, आणि ती मैदानात धरत नाहीत. इथंच आम्ही फसायचो. कबड्डीत रेघ मैदानातली, व्हॉलीबॉलमध्येही रेघेवर पडलेला चेंडू आतला. इथं मात्र चेंडू हाताशी असताना टाच रेघेला टेकली की बाहेर. एक सवलत तेवढी आहे. हवेत असलेला खेळाडू, त्याचा पाय शेवटी जिथं टेकला होता तिथंच धरतात. आतून उडी मारून, रेघेपलीकडं तरंगत, जमिनीला टेकायच्या आधी चेंडू आत फेकता येतो. हा नियम मला फार आवडतो. कवी आहे, आवडणारच.

पण हे सारं कोरड्या, टणक जमिनीवर. मातीवर पाऊस पडला की नियमपुस्तक मिटतं. खुद्द ऑलिंपिकमध्ये तसं झालंय. 1936 साली बर्लिनला बास्केटबॉल पहिल्यांदा पदकाचा खेळ झाला आणि सामने उघड्यावर, मातीच्या मैदानावर घेतले. अंतिम सामन्याला धो धो पाऊस. चिखलात चेंडू उसळेचना, ड्रिबल जवळपास बंदच. अमेरिकेनं कॅनडाला 19-8 असं हरवलं. नेस्मिथ त्या ऑलिंपिकला हजर होता. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळीही त्याच वर्षी देशी खेळ दाखवायला बर्लिनला गेली होती.

आमचं बर्लिन 1985 च्या पावसाळ्यात झालं. मी नववीत. रात्री पाऊस येऊन गेलेला, माती ओलसर, टप्पा निम्माच उठायचा. म्हणून मी वाकून, नजर चेंडूवर ठेवून, उजव्या कडेनं पळत होतो. आम्ही एका गुणानं मागं, वेळ संपत आलेली. चेंडू कडीत गेला. त्यांचा एक उंच मुलगा ओरडला, "पाय! पाय लागला!" पंच दुसऱ्या बाजूला होते. धावत आले, रेघ बघितली. ती ठिकठिकाणी फिसकटलेली. त्यांनी मलाच विचारलं, "लागला का रे?"

लागला होता. पायाला कळतं. थोरल्या भावाचे काळे बूट घातले होते मी, आणि ओली फक्की चिकटते. "नाही सर" म्हणता म्हणता मी बुटाचं टोक दुसऱ्या पायाच्या पोटरीवर पुसलं. पंचांनी पाहिलं नाही. त्या मुलानं पाहिलं, आणि तो एकदम गप्पच झाला. एका गुणानं आम्ही जिंकलो.

संध्याकाळी एस.टी.नं घरी आलो. अम्मा पोटरीकडं बघून म्हणाली, "ये चुना कां लगा लेके आया रे?" तिच्या मनात चुन्याचा दुसरा अर्थ नव्हता. मी हौदावर जाऊन पाय धुतला.

तो उंच मुलगा आता माझ्यासारखाच पन्नाशी ओलांडलेला. हळद घेऊन वसमतच्या बाजारात येतो. पंचवीसेक वर्षांनी भेटलो तेव्हा मी आपणहून सांगितलं, "पाय लागला होता." तो म्हणाला, "मला काय सांगता? पंचांना सांगायचं होतं." पंच तोवर वारले होते.

अधूनमधून भेट होते. चहा होतो, नव्या कवितेची चौकशी होते. पण समोर आला की तो आधी माझ्या बुटांकडं बघतो आणि मग म्हणतो, "काय शायर, पुसून आलात का?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)