बाबा चिडलेत की शुगर कमी झालीय?

आजचा एपिसोड छोटा आहे, पण घरात कुणाला डायबिटीस असेल तर शेवटपर्यंत ऐका. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सांगतोय ते माझ्या घरात घडलेलं आणि नंतर डॉक्टरांकडून नीट समजून घेतलेलं.

गेल्या वर्षीची आषाढी एकादशी. वर्क फ्रॉम होम घेऊन मी सांगलीला घरी आलो होतो. बाबांना १२ वर्षांपासून डायबिटीस आहे. सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे शुगरची गोळी घेतली आणि दिवसभरात खाल्लं फक्त एक केळं. संध्याकाळी माझा कॉल चालू असताना ते खोलीत आले.

"रिमोट कुठं ठेवलास?"

मी म्हटलं, "बाबा, तुमच्या हातातच आहे की."

तर एकदम भडकले, "मला शिकवू नकोस!"

बाबा असं कधीच बोलत नाहीत. मलाही राग आला. मी हेडफोन लावले आणि कॉल चालू ठेवला.

वीस मिनिटांनी आईची हाक आली, "अरे, लवकर ये. ह्यांची जीभ जड झालीय."

बाहेर पाऊस, हवेत गारवा आणि बाबांचा शर्ट घामानं भिजलेला. हात थरथरत होते. मीटर लावला. रीडिंग ४६.

डायबिटीस असलेल्या माणसाची शुगर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती 'लो' समजतात. ५४ च्या खाली म्हणजे प्रकरण गंभीर. आधी शरीर धोक्याची घंटा वाजवतं: घाम, थरथर, छातीत धडधड, अचानक कडकडून भूक. त्यानंतर मेंदूवर परिणाम दिसू लागतो: चिडचिड, गोंधळ, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं. तरीही काही केलं नाही तर झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते.

आता इथली खरी गोम ऐका. मेंदू प्रामुख्यानं ग्लुकोजवरच चालतो. म्हणजे जो सर्व्हर डाऊन होतोय, त्याच्यावरच अलर्ट पाठवणारा प्रोग्राम बसलाय! तो अलर्ट पाठवणार कसा? बाबांना विचारलं असतं तर त्यांनी "मी ठीक आहे" असंच सांगितलं असतं. म्हणून ओळखायचं काम आपलं, शेजारी बसलेल्या माणसाचं.

त्यात काहींना तर घंटा ऐकूच येत नाही. जुना डायबिटीस असेल, शुगर वारंवार लो होत असेल, तर सुरुवातीची लक्षणं बोथट होतात. बीपीच्या काही गोळ्यांमुळे, म्हणजे बीटा ब्लॉकरमुळे, धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम मात्र येतो. आणि रात्री झोपेत लो झाली तर? घामानं ओला झालेला उशीचा अभ्रा, वाईट स्वप्नं, सकाळी डोकेदुखी. ह्या खुणा लक्षात ठेवा.

धोका जास्त कुणाला? इन्सुलिन घेणाऱ्यांना, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना. औषध घेतलं पण जेवण चुकलं, नेहमीपेक्षा जास्त चालणं झालं, रिकाम्या पोटी दारू घेतली, की शुगर घसरू शकते. घरातल्या गोळ्यांची नावं आजच बघून ठेवा.

मग करायचं काय? माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर साधारण १५ ग्रॅम साखर द्या, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, पाण्यात विरघळवून. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. डाएट कोल्ड्रिंकचा काहीच उपयोग नाही. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असेल तर साध्या साखरेऐवजी ग्लुकोज पावडर द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या खालीच असेल तर परत द्या. मीटर नसेल तर वाट बघत बसू नका, शंका आली तरी साखर द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

बाबांना दोनदा साखरपाणी द्यावं लागलं. ४६ वरून ६२, मग ८८. त्यानंतर आईनं गरम भगर वाढली, उपवासही मोडला नाही. ह्या गोळ्यांचा असर बराच वेळ राहतो, शुगर पुन्हा घसरू शकते. म्हणून डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या सांगण्यावरून रात्री दोनदा उठून तपासली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर एवढंच म्हणाले, "उपवास करायचा असेल तर गोळीचं काय करायचं, ते आदल्या दिवशी विचारा."

ती वीस मिनिटं मला अजून टोचतात. मी बाबांचा राग ऐकला, घाम बघितलाच नाही.

आता बाबा कारण नसताना चिडले की मी विचारतो, "बाबा, मीटर लावू का?" कधीकधी रीडिंग ११० येतं. मग कळतं, खरंच चिडलेत!

तुमच्या घरी हा एपिसोड आई-बाबांना नक्की ऐकवा. काळजी घ्या, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.