सभेआधीची विचारपूस

(संस्थेच्या कार्यकर्ता व विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



सभा, शिबिरे, कार्यशाळा आपल्याकडे कमी होत नाहीत. मंडप पडतो, हारतुरे होतात, भाषणे होतात. पण सभा संपल्यावर घरी जाणाऱ्याच्या हाती काय लागले, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. आज त्याच विषयावर आम्ही चार गोष्टी मांडणार आहोत, आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करणार आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही दहावी-बारावीच्या मुलांसाठी मार्गदर्शन शिबिर घेतले. शहरातून चांगले वक्ते आले. स्पर्धा परीक्षांवर दोन तास उत्तम बोलले. शेवटी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझ्याकडे जातीचा दाखला आहे, पण पडताळणीचे प्रमाणपत्र नाही. प्रवेशाला ते मागतात. मी काय करू?" व्यासपीठावरच्या एकालाही नीट उत्तर देता आले नाही. नंतर बाहेर चौकशी केली तेव्हा समजले की निम्मी मुले हाच प्रश्न मनात घेऊन बसली होती. त्यांना काय हवे हे आम्ही त्यांना विचारलेच नव्हते. आम्हीच ठरवून टाकले होते.

पुढच्या वर्षी आम्ही पद्धत बदलली. शिबिराच्या पंधरा दिवस आधी कार्यकर्ते घरोघर गेले. "शिबिर हवे का?" असे विचारले तर सगळेच "हो" म्हणतात. त्यातून काही कळत नाही. म्हणून आम्ही विचारले, "मागच्या वर्षी तुमचे काम नेमके कोठे अडले?" मग खरी माहिती बाहेर आली. अनुसूचित जातीच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, हे कित्येकांना ठाऊकच नव्हते. कोणाचे आजोबा शाळेतच गेले नव्हते. त्यांना गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल शोधता येते, हे कोणी सांगितले नव्हते. कोणाच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' अशी नोंद होती, त्यामुळे वडील-आजोबांच्या कागदांशी मेळ घालावा लागत होता. कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरला होता, पण बँक खाते आधारला जोडलेले नव्हते.

ही माहिती हाती आल्यावर कार्यक्रमपत्रिका आपोआप तयार झाली. भाषणे कमी केली. आदल्या वर्षी ज्यांनी स्वतः पडताळणी करून घेतली होती, त्या पालकांनाच बोलायला उभे केले. मुलांना मूळ कागद बरोबर आणायला सांगितले. मोलकरणीचे काम करणाऱ्या माता सकाळी येऊ शकत नाहीत असे कळले, म्हणून वेळ संध्याकाळची ठेवली. त्या दिवशी हार कमी होते, पण टेबलाभोवती गर्दी होती.

ही रीत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात झाला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. पाऊल टाकण्याआधी हक्काचा आधार कोठे आहे, हे माहीत होते. त्या परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. डिसेंबरच्या परिषदेच्या वेळी तर मंडपाला जागाही मिळेना. अखेर फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी ती दिली. धान्यसामान बाहेरून आणावे लागले. हजारो माणसे बोलवायची तर ती कोठे बसतील, काय खातील, काय पितील, याची आधी चौकशी करावी लागते. मोठ्या कार्यामागे अशी बारीकसारीक विचारपूस असते.

म्हणून कोणतीही बैठक बोलावण्याआधी आपण चार प्रश्न वहीत लिहावेत. पहिला, बैठक संपेल तेव्हा काय ठरलेले असावे? हे एका वाक्यात लिहिता येत नसेल तर बैठक पुढे ढकलावी. दुसरा, कोण येणार आणि कोण येऊ शकत नाही, व का? तिसरा, येणाऱ्यांना काय ठाऊक आहे आणि त्यांचे काय अडले आहे? चौथा, याच विषयावर मागे काय ठरले होते? त्यासाठी जुने इतिवृत्त उघडावे. नाहीतर तोच ठराव दरवर्षी पास होतो.

एक सावधगिरीही सांगतो. दाखले, उत्पन्न, घरची अडचण या गोष्टी माणूस विश्वासाने सांगतो. त्या चारचौघांत नाव घेऊन बोलू नयेत. आणि माहिती घेतली की तिचे काय केले, हे सभेच्या सुरुवातीलाच सांगावे. विचारून जर आपण आधीचेच करणार असू, तर पुढच्या वेळी कोणी दार उघडणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमच्याइतके चांगले कोणी करू शकत नाही. एक वही घ्या, दहा घरे फिरा, ऐका आणि लिहून आणा. त्या मुलीने सभा संपताना विचारलेला प्रश्न आपल्याला सभेच्या आधी ऐकू आला पाहिजे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम!