म्हाताऱ्या कुत्र्याला निरोप कधी द्यायचा?

घरातला कुत्रा थकला, मागचे पाय ओढू लागला, की एक प्रश्न सगळ्यांच्या मनात येतो, पण बोलत कुणी नाही. "अजून खातोय की!" असं म्हणून आपण तो टाळतो. पण दुखत असतानाही कुत्री खातात, शेपटी हलवतात. रात्रभर येरझाऱ्या, विनाकारण धापा, धड बसता न येणं, या खुणांकडे बघा. आधी वेदनाशामक औषधाबद्दल विचारा. आपण म्हातारपण समजतो तो पुष्कळदा संधिवात असतो.

अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. अॅलिस व्हिलालोबोस यांनी एक मोजपट्टी दिली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगल्या दिवसांचं प्रमाण, या सातांना शून्य ते 10 गुण द्यायचे. बेरीज 35च्या वर असेल, तर शुश्रूषा चालू ठेवावी. मला त्यातली शेवटची बाब सर्वांत मोलाची वाटते. कॅलेंडरवर रोजचा दिवस चांगला की वाईट, ते लिहीत जा.

निर्णय झालाच, तर डॉक्टर सहसा आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे बहुधा उघडेच राहतात, हे आधी माहीत असू द्या. आणि जमलं तर त्या वेळी त्याच्याजवळच थांबा.