नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

(पाली, जि. रत्नागिरी इथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'स्त्रिया आणि माहिती तंत्रज्ञान' असा छापला आहे. विषय भारदस्त आहे आणि मी त्याची तज्ज्ञ नाही. मी समाजकार्यात एम. ए. केलं, कॉम्प्युटरमध्ये नाही. म्हणून मी फक्त एका घराची हकिगत सांगणार आहे. घर इथून फार लांब नाही. ज्या बाईच्या घरी हे घडलं ती आत्ता याच मांडवात बसली आहे आणि तिला विचारूनच मी बोलते आहे. नाव सांगणार नाही. तुम्हीही माना वळवून शोधू नका!

त्या घरात कॉम्प्युटर आला टाळेबंदीत. २०२० साली मुंबईचे चाकरमानी गावाकडे परतले ते तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. हिचा दीरही बायकामुलांसह आला. कंपनीचं काम घरून करायचं म्हणून त्यानं पडवीत टेबल मांडलं, मोठा कॉम्प्युटर आणला आणि फायबरचं कनेक्शन घेतलं. पुढच्या वर्षी तो परत गेला. कॉम्प्युटर जुना झाला म्हणून इथेच ठेवला आणि कनेक्शनही ठेवलं, कारण गणपतीला आणि मे महिन्यात आला की त्याला नेट लागतं. बाकीचे दहा-अकरा महिने बिल भरायचं कुणी? ही भरायची, शिलाईच्या पैशातून. कनेक्शन दिराच्या नावावर, बिल हिच्या मशीनवर. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हिचा नवरा वारलेला. दोन मुलं, घरात सासू. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण थांबलं. पदवी नाही म्हणून दोन ठिकाणी काम हुकलं, तेव्हा तिनं मनाशी ठरवलं की मुक्त विद्यापीठातून बी. ए. करायचं. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं तेच मुळी अशा अर्ध्यावर थांबलेल्यांसाठी. पुस्तकं मराठीत, अभ्यास घरी. प्रवेशाचा अर्ज मात्र ऑनलाइन. रात्री सगळे झोपले की ती पडवीत बसायची, माहिती वाचायची, कागदपत्रं जमवायची. गणपती झाले, चाकरमानी परतले आणि तिचा मला फोन आला, "ताई, नेट गेलंय. अर्जाला दोनच दिवस उरलेत."

मी विचारलं, "गेलंय म्हणजे काय झालंय?" ती म्हणाली, "म्हणजे गेलंय."

मैत्रिणींनो, याला हसू नका. माझंही उत्तर बरीच वर्षं हेच होतं. आमच्या कार्यालयात सहा बाया आणि एक पुरुष कार्यकर्ता. कॉम्प्युटर बिघडला की आम्ही त्याची वाट बघत बसायचो. पोलीस ठाण्यात जाऊन फौजदाराशी वाद घालणाऱ्या आम्ही, टेबलाखालच्या वायरीला हात लावायला घाबरायचो. एकदा तो रजेवर होता तेव्हा बाहेरून माणूस बोलावला. त्यानं पाचशे रुपये घेतले आणि झाडताना निसटलेला प्लग नीट बसवून दिला. पाचशे रुपये माझ्या इतके जिव्हारी लागले की मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, आता उठायचं नाही, सगळं समजावून सांग. तासभर त्यानं सांगितलं. माझं तांत्रिक शिक्षण एवढंच.

त्याच्या बोलण्याचं सार असं, की नेट ही एक साखळी आहे. रस्त्यावरून वायर घरात येते, ती भिंतीवरच्या डबीत म्हणजे राउटरमध्ये शिरते, डबीतून हवेतून किंवा वायरीनं कॉम्प्युटरपर्यंत जाते, मग कॉम्प्युटरच्या आतलं काम. कडी कुठे तुटली ते बाहेरून आत एकेक करून बघायचं. मधेच उडी मारायची नाही. एम. ए.ला केसवर्क शिकवताना हेच सांगतात, आधी निदान, मग उपचार. मेरी रिचमंडबाईंनी १९१७ साली सामाजिक निदानावर जाडजूड पुस्तक लिहिलं. ते मी परीक्षेपुरतं वाचलं होतं, कळलं मात्र त्या दिवशी.

तर मी तिच्याकडे गेले. आजूबाजूच्यांनी निदान करूनच ठेवलं होतं, "हायवेचं काम चाललंय, कुठे तरी वायर तोडली असणार." आपल्याकडे हे होतंच, त्यामुळे कुणी पुढे तपासतही नाही. पण डबीकडे बघा, डबी सांगते. तिच्यावर ओळीनं दिवे असतात. एक विजेचा. एकावर 'पॉन' लिहिलेलं असतं, तो स्थिर हिरवा असला की बाहेरून येणारी वायर शाबूत आहे. एकावर 'एलओएस' लिहिलेलं असतं. तो लाल लुकलुकायला लागला तर मात्र प्रकाश डबीपर्यंत पोचत नाहीये. मग कॉम्प्युटरशी कितीही झटापट करा, उपयोग नाही. वायर कुठे दुमडली, कपाटाखाली चेपली का ते बघायचं, नाही तर तक्रार करायची. ही वायर काचेची असते, तिला गाठ मारायची नाही, खिळ्याला गुंडाळायची नाही आणि तुटलेल्या टोकात डोळा लावून बघायचं नाही.

तिच्या डबीवर लाल दिवा नव्हता. पॉन स्थिर हिरवा. तरी डबी बंद केली, अर्धा मिनिट थांबलो, परत सुरू केली आणि तीन मिनिटं हात न लावता बसलो. हे तीन मिनिटं बसणं सगळ्यात अवघड असतं. दिवे तसेच. म्हणजे हायवेवाले या वेळी निर्दोष होते.

पुढची पायरी. त्याच डबीवर दुसरं काही चालतं का? ती म्हणाली, "मोबाइल चालतोय की, व्हॉट्सॲप येतंय." इथे खूप जणी फसतात. मोबाइलला स्वतःचं वेगळं नेट असतं. तपासायचं असेल तर मोबाइल डेटा बंद करायचा आणि वायफाय तेवढं चालू ठेवायचं. तसं केलं आणि व्हॉट्सॲप थांबलं. वायफायच्या नावाखाली अक्षरं आली, पासवर्ड चुकीचा. मुलाच्या फोनवरही तेच. कॉम्प्युटर वायफायवरच होता, मागे लावलेल्या छोट्या डोंगलवर. तोही तेच म्हणत होता.

एकाच वेळी तिन्ही यंत्रं पासवर्ड विसरत नाहीत. पासवर्ड कुणी तरी बदलला होता.

ती काहीच बोलली नाही. आम्ही दोघी डबीकडे बघत उभ्या. तेवढ्यात आतून खाटेवरून सासूबाईंचा आवाज आला, "मीच सांगितलं त्येला. रातभर दिवा जळतोय हिचा. कोणाशी बोलते कोणाला ठावूक."

म्हणजे दीर गणपतीला आला, आरत्या झाल्या, आणि जाता जाता पासवर्ड बदलून गेला. हिनं नेट गेलंय म्हणून फोन केला तर "बघतो" म्हणाला. तिनं कंपनीच्या तक्रार क्रमांकावरही फोन केला होता. तिथे सांगितलं, ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांनाच नोंदवलेल्या नंबरावरून बोलायला सांगा. बिल भरणारीला तक्रार करायचा अधिकार नाही!

माझ्या आजोळी टेलिफोनच्या डायलला छोटं कुलूप असायचं. किल्ली आजोबांच्या कमरेला. माम्यांना माहेरी फोन करायचा तर किल्ली मागायला लागायची, म्हणजे कारण सांगायला लागायचं. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं, पण ते याच टेलिफोनच्या तारेवरून यायचं, म्हणजे त्याच किल्लीमागे. आता कुलूप दिसत नाही, म्हणून आपण म्हणतो 'नेट गेलं'. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३३ टक्के स्त्रियांनी आणि ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. हा फरक निव्वळ टॉवर कमी असल्यामुळे पडत नाही. टॉवर दोघांना सारखाच असतो.

सासूबाईंवर मी चिडले नाही असं नाही. पण खलनायिका शोधून आपलं काम होत नाही. तरुण विधवा सून रात्री उजेडात एकटी बसते याची त्यांना भीती होती, आणि ती भीती त्यांच्या डोक्यात कुणी घातली हे आपल्याला माहीत आहे. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं की ती अर्ज भरते आहे. हिनं का सांगितलं नाही? कारण शिकायची परवानगी मागावी लागेल आणि ती मिळणार नाही, म्हणून.

वेळ थोडा होता. डबीच्या मागे टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, त्यात दहा सेकंद टाचणी दाबली की नवा पासवर्ड पुसला जातो आणि डबीखालच्या चिठ्ठीवरचा मूळ पासवर्ड परत येतो. ती टाचणी घेऊन आलीही. मी हात धरला. फायबरच्या डबीत कंपनीनं भरलेली माहितीही त्याबरोबर पुसली जाऊ शकते, मग नेट पुरतंच जातं आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत, म्हणजे दीर फोन करेपर्यंत, बसा. रागाच्या भरात ते भोक दाबू नका.

पण वायफायचा पासवर्ड हवेतल्या नेटला लागतो. डबीतून वायर ओढून थेट कॉम्प्युटरला लावली तर सहसा कुणी पासवर्ड विचारत नाही. तशी वायर दिरानं सुरुवातीला वापरली होती. माळ्यावर नारळाच्या किशीत सापडली. दोन्ही टोकं खट् आवाज होईपर्यंत बसवली, मागे छोटा दिवा लुकलुकला. आम्ही टाळी दिली.

आणि विद्यापीठाचं पान उघडेना! पडद्यावर इशारा, हे स्थळ सुरक्षित नाही. आता कोण आडवं आलं? मुलगा म्हणाला, "आई, तारीख बघ." कोपऱ्यात कित्येक वर्षांपूर्वीचा १ जानेवारी. विजा चमकतात म्हणून तिनं आठवडाभर सगळे प्लग काढून ठेवले होते. कॉम्प्युटरच्या पोटात एक चपटा, नाण्याएवढा सेल असतो, तो बंद काळात वेळ धरून ठेवतो. तो संपला की घड्याळ मागे जातं, आणि तारीख चुकली की सुरक्षित पानं उघडायला कॉम्प्युटर नकार देतो. तारीख-वेळ हातानं बरोबर केली. पान उघडलं. सेल तिनं नंतर स्वतः बदलला, झाकण उघडून.

अर्ज त्याच संध्याकाळी गेला. पावतीचा क्रमांक तिनं वहीत उतरवला, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर, मग मुलाच्या पाटीवरही.

इथे टाळ्या वाजवू नका, कारण पासवर्ड दिराकडेच होता. आमच्या बैठकीत यावर बरीच वादावादी झाली. एकीचं म्हणणं, ही हिंसा आहे, तक्रार करा. दुसरी म्हणाली, पासवर्डसाठी कुणी कोर्टात जातं का? कायदा काय म्हणतो ते सांगते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. घरातल्या नात्यामुळे जी साधनं आणि सोयी वापरण्याचा बाईला हक्क आहे त्यांच्यावर बंदी घालणं किंवा अडवणूक करणं त्यात येतं. इंटरनेट हा शब्द तिथे नाही. पण २०१९ साली केरळ उच्च न्यायालयानं, वसतिगृहात मोबाइल वापरावर घातलेली बंधनं न पाळल्याबद्दल काढून टाकलेल्या एका विद्यार्थिनीच्या बाजूनं निकाल देताना म्हटलं, की इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. एवढ्यावरून उद्या दावा लावा असं मी म्हणणार नाही. पण यापुढे बाईची हकिगत लिहून घेताना मारहाण, दागिने, रेशनकार्ड विचारतो तसं फोन कुणाच्या ताब्यात आहे, पासवर्ड कोण बदलतं, ओटीपी कुणाच्या नंबरावर जातो, हेही विचारा. मी विचारत नव्हते. आता विचारते, आणि उत्तरं ऐकून माझ्या जुन्या फायली मला अर्धवट वाटायला लागल्या आहेत.

तिनं दिवाळीत दिराशी बोलायचं ठरवलं. मी बरोबर जाऊ का विचारलं, नको म्हणाली. तिनं त्याच्यापुढे बिलाच्या पावत्या मांडल्या. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही गैरसमज करून घेताय." पासवर्ड दिला नाही, पण वायर काढायलाही सांगितलं नाही. नववर्षात तिनं स्वतःच्या नावावर वेगळं कनेक्शन घेतलं. जोडणीला आलेल्या पोरानं विचारलं, "घरात कोणी पुरुष माणूस आहे का, समजावून सांगतो." सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "तिलाच सांग, बिल तीच भरते." त्यांचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. रात्रीच्या दिव्याबद्दल अजून बोलणी बसतातच. पण दुपारी त्यांना जाखडी बघायची असते, आणि नेट अडलं की पहिली हाक त्यांचीच येते, "लाल हाय काय हिरवा, बघ गो."

आता चहा आला आहे. पुढच्या बुधवारी ज्यांच्याकडे डबी आहे त्यांनी ती उलटी करून खालच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते उतरवून आणा, बिलावर नाव कुणाचं आहे तेही. ज्यांच्याकडे डबी नाही त्यांनी मोबाइल आणा. चार्ज करून आणा, मागच्या वेळी निम्मे बंद होते.