सहाव्या वर्षाची सहावी दाढ

आत्ता कुणी भाकरी थापत असेल, कुणी भाजी निवडत असेल, कुणी रानातून येऊन नुकतीच टेकली असेल. हातातलं काम चालू राहू द्या. घरात पाच ते दहा वर्षांचं लेकरू असेल तर त्यालाही हाक मारून जवळ बसवा. आज आपण त्याच्या दातांबद्दल बोलणार आहोत.

आम्ही बचत गटांच्या समन्वयक म्हणून काम करतो. महिन्याच्या बैठकीला कर्जाचे अर्ज वाचतो. अर्जात कारण लिहावं लागतं. बियाणं, शेळी, शाळेचा खर्च, बाळंतपण ही नेहमीची कारणं. मधूनमधून 'मुलाची दाढ' हेही कारण येतं. त्यामागची हकीकत विचारली की ती बहुतेक वेळा सारखीच निघते. आधी दाढेवर बारीक काळा ठिपका होता. दुधाचा दात आहे, पडणारच आहे, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग एका रात्री पोर झोपेना, सकाळी गाल सुजला. तालुक्याला नेलं तर डॉक्टर म्हणाले, "ताई, ही दुधाची नाही, कायमची दाढ आहे."

आईला हे पटत नाही. मुलगी तर सात वर्षांची, कायमची दाढ आली कधी? मैत्रिणींनो, हीच गोष्ट आज नीट समजून घेऊ.

बाळाला साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात येतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दुधाचे दात पुरे होतात, वर दहा आणि खाली दहा. सहाव्या वर्षाच्या आसपास पुढचे दात हलायला लागतात. ते आपल्याला दिसतं, कारण लेकरू स्वतःच दाखवत फिरतं. पण त्याच सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वर-खाली, डावीकडे-उजवीकडे अशा चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. समोरच्या मधल्या रेषेपासून एका बाजूचे दात मोजत मागे जा. पहिले पाच दात जुन्या जागांवरचे, आणि त्यामागे आलेली सहावी दाढ कायमची. सहाव्या वर्षी येणारी सहावी दाढ, असं लक्षात ठेवा. ही दाढ गेली की तिच्या जागी पुन्हा दुसरी येत नाही. साठाव्या वर्षी भाकरी चावायची तीही हिच्यावरच.

आणि कीड लागायलाही हीच पहिल्यांदा सापडते. नवीन दाढेवर खोल खाचा असतात, त्यात ब्रशचे केस पोचत नाहीत. ती सगळ्यात मागे असते आणि मुलाचा हात तिथवर नीट जात नाही.

आता 'कीड' म्हणजे काय? जत्रेत, बाजारात काही लोक दातातून पांढरा किडा काढून दाखवतात. तो हातचलाखीचा खेळ आहे. दातात असा किडा नसतो. आपल्या सगळ्यांच्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की ते त्यातून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताचं वरचं कठीण कवच विरघळवतं. खाल्ल्यावर साधारण अर्धा तास हे चालतं. मग लाळ हळूहळू ते सावरून घेते. म्हणून मूल किती गोड खातं याच्याइतकंच, दिवसातून किती वेळा खातं हे महत्त्वाचं. सकाळी चहा-बिस्कीट, शाळेत जाताना पाच रुपयांचा पुडा, मधल्या सुट्टीत गोळी, आल्यावर टोस्ट, संध्याकाळी पुन्हा बिस्कीट. असं झालं तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही.

आमच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं होतं, "बिस्कीट नको, मग गूळ दिला तर?" गूळ हाही गोडच, आणि दाताला चिकटून राहतो. म्हणून गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर द्या आणि वरून पाणी प्यायला लावा. मधल्या वेळी शेंगदाणे, फुटाणे, काकडी, गाजर, पेरू, किंवा शिळ्या भाकरीचा कुस्करा द्या. अगदी लहान मुलांना मात्र शेंगदाणे-फुटाणे अख्खे देऊ नका, घशात अडकतात. बाळाला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नका. झोपेत लाळ कमी होते आणि दूध दातांवर रात्रभर साचून राहतं. वरचे पुढचे दात काळे पडून झिजलेली दोन-तीन वर्षांची मुलं दिसतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

दात घासण्याबद्दल तीन गोष्टी. पहिली, पहिला दात आला की घासायला सुरुवात करायची, आणि सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने घासून द्यायचे. मुलाला आधी स्वतः घासू द्या, मग तुम्ही एकदा हात फिरवा, विशेषतः त्या सहाव्या दाढेवर. दुसरी, रात्री झोपताना घासणं चुकवू नका. त्यानंतर फक्त पाणी. तिसरी, पेस्ट फ्लोराइडची असावी. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरे. पेस्ट गिळायची नाही, थुंकायची. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं, त्याने दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. अशा गावात राहत असाल तर पेस्टबद्दल दंतवैद्यांना विचारून घ्या.

राखुंडी, वीट, मीठ यांनी दात खरवडू नका, कवच झिजतं. आणि मिशरीबद्दल स्पष्ट बोलू या. मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखू. लेकराचा दात दुखतो म्हणून आजी प्रेमाने बोटभर मिशरी लावतात. त्याने कीड थांबत नाही आणि कोवळ्या वयात तंबाखूची सवय लागते. आजीला दुखवू नका, पण मिशरीचा डबा लेकरापासून लांब ठेवा.

आता उपचार. बायकांना डॉक्टरांनी सांगितलेले शब्द कळत नाहीत आणि विचारायला संकोच वाटतो. म्हणून क्रमाने सांगतो.

दातावर हिरडीजवळ खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती कीड लागायची पहिली खूण. या टप्प्यावर ती थांबवता येते. डॉक्टर दातांवर फ्लोराइडचा लेप लावतात. नव्या सहाव्या दाढेच्या खाचा पातळ लेपाने बुजवतात, त्याला सीलंट म्हणतात. त्यात टोचणं, कोरणं नसतं, दुखत नाही.

काळा खड्डा पडला, पण ठणका नाही, तर दात भरायचा. किडलेला भाग साफ करून सिमेंट भरतात. बहुतेक वेळा एका फेरीत काम होतं.

कीड नसेपर्यंत पोचली की रात्री ठणका लागतो. मग रूट कॅनल. दाताच्या आतली खराब नस काढून, पोकळी स्वच्छ करून मसाला भरतात. यात बऱ्याचदा दोन-तीन फेऱ्या होतात, आणि दाढ तुटू नये म्हणून वर कॅप बसवावी लागते. दुखणं थांबलं म्हणून कॅप न बसवता राहू नका. दुधाच्या दाढेवरही असा नसेचा उपचार करून स्टीलची कॅप बसवतात. पडणाऱ्या दाताला एवढा खर्च कशाला, असं वाटतं. पण दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या खालून येणाऱ्या दाताची जागा धरून ठेवतात. त्या लवकर काढल्या तर शेजारचे दात सरकतात आणि नवे दात वेडेवाकडे येतात. काढाव्याच लागल्या तर जागा राखणारी तार बसवता येते का, हे विचारा.

दाढ वाचण्यासारखी नसेल तरच ती काढतात. काढल्यावर कापूस अर्धा तास घट्ट चावून धरायला लावा. त्या दिवशी जोरात चूळ भरू देऊ नका. बधिर केलेला ओठ मूल चावतं, म्हणून दोन-तीन तास लक्ष ठेवा.

एक गोष्ट फार महत्त्वाची. खूप दुखणारी दाढ एकाएकी दुखायची थांबली, तर ती बरी झाली असं समजू नका. नस मेली असेल आणि खाली पू होत असेल. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुजेवर शेक देऊ नका. वेदनेची गोळी हिरडीवर ठेवू नका, कातडी भाजते.

जायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांत एकदा तपासणीला येतं. त्या तपासणीत दातांची कीडही येते. पथक कधी येणार हे अंगणवाडीताईंना, गुरुजींना विचारा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुढे पाठवायची चिठ्ठी दिली तर ती फडताळात पडू देऊ नका. उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो, काही ग्रामीण रुग्णालयांतही असतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. खासगीत गेलात तर पाटीवर बीडीएस आणि नोंदणी क्रमांक पाहा. रस्त्याकडेला बसून दात काढणाऱ्या-बसवणाऱ्यापुढे लेकराचं तोंड उघडू नका.

आपल्यातल्या कितीतरी जणी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. कोपीवर सहा महिने राहायचं, कारखान्याच्या गावी ओळख नाही, खाडा केला तर मजुरी बुडते. तिथे पोराची दाढ दुखली तर गोळ्यांवर दिवस काढावे लागतात. म्हणून मैत्रिणींनो, निघण्याआधी, पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतच्या दिवसांत, मुलांचे दात तपासून भरून घ्या. मूल गावी आजीजवळ राहणार असेल तर आजीला सहावी दाढ दाखवून जा.

गटाच्या अध्यक्ष-सचिव ऐकत असतील तर त्यांना आमची विनंती. 'दाढ' या कारणाचा अर्ज आला तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबवू नका. दात भरण्याचं कर्ज लहान असतं आणि ती बाई दोन-तीन हप्त्यांत फेडते. तेच काम सहा महिने लांबलं की रूट कॅनल आणि कॅपचा खर्च येतो आणि फेड वर्षभर चालते.

आज रात्री जेवणं झाली की मोबाइलची बॅटरी लावा आणि मुलाला 'आ' करायला सांगा. मधल्या रेषेपासून मोजत मागे जा. सहावी दाढ आली आहे का, तिच्यावर ठिपका आहे का, हिरडीजवळ पांढरा पट्टा आहे का, ते पाहा. काही दिसलं तर या आठवड्यात दाखवून घ्या. काही नसेल तर घासून द्या आणि झोपू द्या.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीला आम्ही विचारणार आहोत, "मोजलीस का गं?" तयारीत या. नमस्कार.