‘यीस्ट’चे पथ्य आणि आपले स्वयंपाकघर

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या भाषणावरून)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात पथ्यावर बोलणे म्हणजे जेवणाच्या पंगतीत उपासाची गोष्ट काढण्यासारखे आहे, हे मला कळते. परंतु चिटणीसबाईंनी आग्रह केला आणि विषयही त्यांनीच सुचवला. गेल्या काही महिन्यांत आपल्या आळीतल्या निदान तीन घरांत एक नवे पथ्य आले आहे. कुणी त्याला ‘यीस्टचे पथ्य’ म्हणते, कुणी ‘कॅन्डिडा डाएट’. मी शाळेत पुष्कळ वर्षे आहारशास्त्र शिकवले. डॉक्टर मात्र नाही. तेव्हा मी सांगते ते तपासून घ्यावे, आणि औषधाचा प्रश्न असेल तेथे डॉक्टरांनाच विचारावे, एवढी विनंती आधी करते.

हे पथ्य काय सांगते ते प्रथम पाहू. तुमच्या आतड्यात ‘यीस्ट’ नावाची बुरशी माजली आहे. थकवा, पोटफुगी, डोके जड होणे, विसरभोळेपणा, चिडचिड, अंगाची खाज हे सारे तिचेच प्रताप आहेत. तेव्हा तिला उपाशी मारा. त्यासाठी साखर, गूळ, मध बंद. फळे बंद. पाव, बिस्किटे, मैदा बंद, पुष्कळ याद्यांत गहू आणि तांदूळही बंद. आंबवलेले म्हणून इडली, डोसा, ढोकळा, आंबोळी बंद. लोणचे, व्हिनेगर, चीज, शेंगदाणे बंद. काही ठिकाणी दूध आणि डाळीदेखील बंद. मग उरते काय? पालेभाज्या, काकडी, अंडी, मासळी. ज्या घरात मासळी-अंडे चालत नाही, तेथे उरते काय, ते तुम्हीच मनात मोजा.

आता ही बुरशी म्हणजे काय? कॅन्डिडा हा सूक्ष्म जीव आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात एरवीही राहतो. तो चोर नव्हे, भाडेकरू आहे. शेजारी चांगले असतील तर तो गप्प असतो. त्याचे शेजारी म्हणजे आपल्या शरीरातले उपकारक जंतू. जंतुनाशक औषधांनी ते मेले, गरोदरपण आले, मधुमेह आटोक्यात नसला किंवा शरीराची प्रतिकारशक्ती खालावली, म्हणजे हा भाडेकरू पाय पसरतो. तान्ह्या बाळाच्या जिभेवर न निघणारा पांढरा थर येतो तो यानेच. दम्यासाठी औषध ओढून घेणाऱ्यांनी नंतर चूळ भरावी असे सांगतात तेही यासाठीच. आणि, येथे आपण बायकाच आहोत म्हणून स्पष्ट बोलते, खाज सुटून दह्यासारखे पांढरे जाते, तेही बहुधा यानेच. चार बायकांपैकी सुमारे तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. यात लाजण्यासारखे काही नाही आणि यावर साधी, चांगली औषधे आहेत. रुग्णालयात अत्यवस्थ असलेल्या माणसाच्या रक्तात ही बुरशी शिरली तर ते मात्र जिवावरचे दुखणे असते. पण तो रोगी उठून भाजी निवडत बसत नाही.

म्हणजे कॅन्डिडा खरा आहे, त्याचे आजारही खरे आहेत. वाद आहे तो पुढच्या पायरीवर. नाना तऱ्हेच्या थकव्यामागे आतड्यात लपलेली हीच बुरशी असते, हे म्हणणे आले कोठून?

ते अमेरिकेतून आले. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरी ट्रस नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी १९७८च्या सुमारास अशा अर्थाचे लेख लिहिले. पुढे १९८३ साली टेनेसीतल्या क्रुक नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी ‘द यीस्ट कनेक्शन’ हे पुस्तक काढले आणि ते घरोघरी गेले. त्यात प्रश्नावली होती, पथ्य होते, आणि निस्टॅटिन नावाचे औषध होते. १९८६ साली तिकडच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने या कल्पनेला पुरावा नाही, असे जाहीर केले. त्यानंतर ट्रस यांच्याच शहरातल्या विद्यापीठात डॉक्टरांनी ४२ बायकांवर रीतसर प्रयोग केला. काही काळ खरे औषध, काही काळ तसेच दिसणारे निरुपयोगी औषध. कोणते केव्हा, हे त्या बायकांनाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यांनाही नाही. त्याचा निकाल १९९० साली प्रसिद्ध झाला. योनिमार्गाच्या त्रासावर औषधाचा गुण खोट्या औषधापेक्षा जास्त दिसला. परंतु थकवा, उदासी वगैरे तक्रारी खऱ्या औषधाने जेवढ्या कमी झाल्या, जवळजवळ तेवढ्याच खोट्यानेही झाल्या. हा प्रयोग औषधाचा होता, पथ्याचा नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण बुरशी मारणाऱ्या औषधानेही जो थकवा जात नाही, तो बुरशीचाच, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

जाता जाता एक आनंदाची गोष्ट सांगते. हे निस्टॅटिन दोन स्त्रियांनी शोधले. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीचे नमुने तपासत, आणि रसायनशास्त्रज्ञ रेचेल ब्राउन ऑल्बनी येथे त्यातून औषध वेगळे काढीत. दोघींचे नमुने टपालाने जात-येत. १९५० साली शोध जाहीर झाला आणि न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून औषधाचे नाव पडले. त्याच्या हक्कापोटी एक कोटी तीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम आली. ती सारी त्यांनी विज्ञानाच्या कामी दिली. बुरशीवरचे गुणकारी औषध बायकांच्या हातून आले, ते बायकांना भलतीकडे नेण्यासाठी खास नव्हे.

आता पथ्यामागची कारणे एकेक करून पाहू.

पहिले, ‘साखर खाल्ली की बुरशी पोसते.’ बाटलीत हे खरे आहे. आपले पोट म्हणजे बाटली नव्हे. आपण खाल्लेली साखर लहान आतड्यातच बहुतेक शोषली जाते. १९९९ साली निरोगी माणसांना मुद्दाम जास्त साखर देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या आतड्यातल्या कॅन्डिडामध्ये फारसा फरक पडला नाही. मधुमेहात रक्तातली साखर चढलेली असते, तेथे गोष्ट वेगळी. त्या बाईने साखर आटोक्यात ठेवलीच पाहिजे.

दुसरे, ‘आंबवलेले पदार्थ यीस्ट वाढवतात.’ पावाचे यीस्ट आणि कॅन्डिडा एक नव्हेत. कुळ जवळचे, घर वेगळे. शिवाय भट्टीत पाव भाजला की त्यातले यीस्ट मरते. आपले इडलीचे पीठ फुगते ते मुख्यतः आंबट करणाऱ्या जंतूंमुळे. आणि दह्याचे विरजण तर यीस्टचे नव्हेच. यीस्टच्या भीतीने आंबोळी सोडणे म्हणजे नावसारखेपणावरून शेजाऱ्याला शिक्षा करण्यासारखे आहे.

तिसरे, सकाळी पाण्याच्या पेल्यात थुंकून पाहावे. धागे खाली उतरले तर बुरशी आहे. भगिनींनो, लाळ चिकट असते, तिला धागे सुटतातच. याला तपासणी म्हणता येत नाही.

चौथे सर्वांत धोक्याचे. पथ्याने चक्कर आली, हातपाय गळाले, डोके दुखले, तर म्हणतात, ‘उत्तम! बुरशी मरते आहे, तिचे विष बाहेर पडते आहे.’ ज्या उपायात बरे वाटले तरी गुण आणि वाईट वाटले तरी गुणच, त्यात चुकीचा रस्ता ओळखायला खूण उरत नाही.

याचे फळ मी घरात पाहिले. माझ्या धाकट्या जाऊबाईंची परवानगी घेऊन सांगते. वय त्रेचाळीस. वर्षभर दम लागत होता, केस गळत होते, दुपारी उभे राहवत नव्हते. एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, ‘काही नाही, मनाचे आहे, जरा फिरायला जा.’ घरी येऊन ती गप्प बसली. पुढे फोनवर कुणाची चित्रफीत पाहिली. तिथली बाई पहिल्याच वाक्यात म्हणाली, ‘तुमचा थकवा खरा आहे.’ झाले! चार महिने तिने ते पथ्य काटेकोर पाळले. संक्रांतीला तिळगूळ हातात घेऊन तसाच डबीत ठेवला. आम्ही जेवायला बसलो की ती स्वयंपाकघर आवरत बसे, म्हणजे कुणी आग्रह करू नये. वजन बावन्न किलोवरून चव्वेचाळीसवर आले. चक्कर येऊ लागली तेव्हा म्हणाली, ‘वहिनी, बुरशी मरते आहे.’

मी वाद घातला नाही. म्हटले, ‘मरू दे हो, पण एकदा रक्त तर तपासू.’ हिमोग्लोबिन निघाले आठाच्या खाली. पाळीला अतोनात रक्तस्राव होत होता. ते तिने पहिल्या डॉक्टरांना सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारले नव्हते. गर्भाशयात गाठी निघाल्या, त्यावर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या झाल्या, आणि सहा महिन्यांत बाई जिना न थांबता चढू लागली. डाळी, कडधान्ये, खजूर हे सारे जेव्हा तिला हवे होते, नेमके तेव्हाच ते ताटातून उठले होते.

पण तिचे एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ती म्हणाली, ‘पथ्य कठीण होते, पण त्या चार महिन्यांत कुणीतरी माझे दुखणे खरे मानले होते.’ भगिनींनो, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. अशा पथ्यांच्या मागे लागणारी बाई मूर्ख नसते. ती पुष्कळदा न ऐकली गेलेली बाई असते.

काहींना या पथ्याने बरे वाटते, हेही खोटे नाही. दिवसाकाठी चार कप गोड चहा, बिस्किटे, तळलेले, मैद्याचे सुटले तर कुणालाही हलके वाटेल. काहींना गहू, कांदा, दूध अशा एखाद्या पदार्थाने पोट फुगते. तो नकळत सुटला की आराम पडतो. श्रेय मात्र बुरशीच्या मरणाला मिळते. माझ्या जाऊबाईंनी चहाबरोबरची बिस्किटे कायमची सोडली, ते मला पसंतच आहे.

एखादा पदार्थ सोसत नाही अशी शंका असेल, तर सोडून पाहण्याची शहाणी रीत आहे. जाणत्याच्या सल्ल्याने थोडे पदार्थ, दोन ते सहा आठवडेच सोडावेत. रोज काय खाल्ले आणि काय वाटले ते वहीत लिहावे. आणि मग एकेक पदार्थ परत घ्यावा. परत घेणे हाच त्या रीतीचा प्राण आहे. जे पथ्य सोडायला शिकवते आणि परत घ्यायला शिकवत नाही, ते अर्धेच पथ्य. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या, आधीच कृश असलेल्या बायकांनी आणि वाढत्या मुलांनी असले प्रयोग आपल्या मनाने मुळीच करू नयेत.

आणि सतत थकवा असेल तर आधी काय पाहावे? हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातली साखर, बी-१२. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात शंभरात ५४. म्हणजे या सभागृहात आपल्या डाव्या-उजव्या हाताला बसलेल्या दोघींपैकी एकीला तो असण्याचा संभव आहे. पांढरे जाण्याचा, खाजेचा त्रास पुन्हापुन्हा होत असेल तर दुकानातून मलम आणून वेळ मारून नेऊ नये. तपासून घ्यावे, आणि साखरही पाहून घ्यावी. डॉक्टरांकडे जाताना पाळी किती दिवस जाते, किती जाते, हे कागदावर लिहून न्यावे. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे जावे. त्यात कुणाचा अपमान नाही.

शेवटी घरातल्या मोठ्यांना दोन शब्द. सून किंवा मुलगी ताट बाजूला सारू लागली तर ‘नखरे’ म्हणू नका आणि ‘एक लाडू खा, काही होत नाही’ असेही म्हणू नका. जवळ बसवून विचारा, ‘तुला काय होते ते मला सांग.’ आणि ऐकून घ्या.

मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढच्या महिन्याच्या सभेला हळदीकुंकवाबरोबर हिमोग्लोबिन तपासण्याची सोय करावी. खुर्च्या मांडायला आणि नावे लिहून घ्यायला मी सकाळपासून येईन. माझ्या जाऊबाईही येणार आहेत.